अर्धा, पण कशाचा?

गेल्या पालकसभेत एक आजोबा उभे राहिले. बँकेतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात नातवाची सहावीची गणिताची वही. वहीत रंगीत कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. पोलिसाने मुद्देमाल दाखवावा तशी ती वही उंच धरून त्यांनी विचारलं, "मॅडम, हे गणित आहे की हस्तकला?" सभा खळखळून हसली. हशा ओसरायच्या आत आजोबांनी पावकी सुरू केली आणि एका दमात विसाच्या पाव पाचपर्यंत जाऊन थांबले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पाठांतर चोख होतं, दाद द्यायलाच हवी.

पण त्या टाळ्यांचा आवाज अजून कानातून जात नाही, म्हणून हा लेख.

त्या टाळ्यांमागचं मत मला पाठ आहे. शिक्षकांच्या खोलीत ऐकते, रिक्षात ऐकते, लग्नाच्या पंगतीत ऐकते. अपूर्णांक हा नियमांचा विषय. छेद समान करा, अंश मिळवा. भागाकार आला की दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा. चार नियम, आठ दिवस, शंभर गणितं, विषय खलास. त्यासाठी चार-चार पोरांची टोळकी बसवून कागद कापायचे, भाकऱ्या फाडायच्या, ही वेळेची नासाडी. गटात हुशार पोरगं राबतं, उरलेली तिघं खिडकीबाहेर बघतात. वर्गाचा बाजार होतो, धडे मागे पडतात. आणि हे सगळं परदेशी खूळ, ज्ञानरचनावादाच्या नावाने आपल्या गळ्यात अडकवलेलं. खरं तर शिकवायचं टाळण्याची ही पळवाट. आमच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असायची. हिशेबाला कधी कागद लागला नाही.

ठीक. पावकीपासूनच सुरू करू.

जुन्या उजळणीत काय काय होतं? पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी. यादी पुन्हा एकदा वाचा. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, औट. यात तिसरा हिस्सा कुठे आहे? पाचवा? सातवा? एकही नाही. सगळा कारभार अर्ध्याचा आणि अर्ध्याच्या अर्ध्याचा. कारण बाजार तसाच होता. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे. चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. शेर, अच्छेर, पावशेर, छटाक. पावकी ही त्या बाजाराची किल्ली होती आणि त्या कुलपाला ती झकास लागायची. आता आजोबांना नम्रपणे विचारा, दोन तृतीयांश अधिक तीन पंचमांश किती? पावकी गप्प बसेल. निमकीही. औटकीचं राज्य तर नावाप्रमाणेच औट घटकेचं.

म्हणजे ज्या पाठांतराचा दाखला देऊन माझ्या वर्गातल्या पट्ट्यांना हसलं जातं, त्या पाठांतराने सहावीतला अपूर्णांक कधी शिकवलाच नव्हता. तो शिकवायची गरजही नव्हती.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. पावकी पाठ असलेल्या माणसाला तिचा अर्थ कुठे कळला? वर्गात? अजिबात नाही. वाण्याच्या दुकानात, दूधवाल्याच्या मापापुढे, आईने पावली हातात देऊन पाठवलं तेव्हा. पावशेर तेल आणायला गेलेल्या पोराला पाव कशाचा हे विचारावं लागत नव्हतं. माप समोर होतं, वाणी समोर होता, आणि चुकलं तर घरी बोलणी बसत होती. वस्तू हातात, दोन-चार माणसं भोवती, चुकीचा जाब तिथल्या तिथे! याला आज आम्ही गटकार्य म्हणतो, एवढंच. १ एप्रिल १९५७ ला नवा पैसा आला, पुढे किलो आणि लिटर आले, आणि तो बाजार नावाचा भलाथोरला वर्ग बंद झाला. उरलं नुसतं पाठांतर. आजोबांची पिढी त्या वर्गात शिकली आणि आता श्रेय मात्र घोकंपट्टीला देते आहे. जेवण आईने करायचं आणि कौतुक ताटाचं करायचं, तसा हा प्रकार.

आजचं सहावीतलं पोर पाव म्हणजे काय समजतं? पाव म्हणजे मिसळीबरोबर येतो तो. गंमत म्हणून सांगत नाहीये. वर्गात विचारून पाहिलं आहे.

आता नियमांकडे. छेद समान करा, हा नियम मुलांना येतो, नक्की येतो. येतो म्हणजे चाचणीच्या दिवशी येतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याच मुलांना अर्धा अधिक एक तृतीयांश विचारा. वर्गातला चांगला मोठा भाग दोन पंचमांश लिहितो. वर वर मिळवले, खाली खाली मिळवले. आणि उत्तर अर्ध्याहूनही कमी आलं आहे, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. अर्ध्या भाकरीत आणखी एक तुकडा घातला आणि भाकरी अर्ध्याहून कमी झाली! घरात असं झालं तर आई मांजर शोधेल. वहीत झालं तर मुलं खाली दोन रेघा ओढून पुढच्या गणिताला लागतात.

हे माझ्या नाशिकच्या वर्गातल्याच पोरांचं नाही. अमेरिकेत १९७८ च्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना १२/१३ आणि ७/८ यांची बेरीज अंदाजे किती येईल, असं विचारलं होतं. कागद-पेन्सिल चालवायची गरजच नाही. दोन्ही जवळजवळ एक, म्हणजे उत्तर सुमारे दोन. पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन हे उत्तर निवडलं २४ टक्के मुलांनी. निम्म्याहून जास्त मुलांनी १९ किंवा २१ निवडलं. त्यांनी नियम घोकले नव्हते का? घोकलेलेच होते. फक्त त्या नियमांच्या खाली काहीच नव्हतं.

या दोन पंचमांशाची एक हकीकत सांगायलाच हवी, कारण ती माझ्या आयुष्यातल्या सर्वांत चांगल्या तासांपैकी एक आहे. चौघांच्या एका गटात एक मुलगा हट्टाला पेटला होता. उत्तर दोन पंचमांशच. बाकीच्या तिघांनी पट्ट्या जोडून दाखवल्या, अर्ध्याची आणि तिसऱ्या हिश्श्याची, मिळून सहातले पाच भाग. तो ऐकेना. म्हणाला, "बघ, पहिल्या वेळी मी दोन बॉल खेळलो, एक सिक्स. दुसऱ्या वेळी तीन बॉल खेळलो, एक सिक्स. सगळे मिळून पाच बॉल, दोन सिक्स. झाले की दोन पंचमांश!" गट चिडीचूप. शेजारचे दोन गटही वळून बघायला लागले.

सांगा आता, तो चुकला का? क्रिकेटच्या हिशेबाने तो अगदी बरोबर होता. नियमाचं पुस्तक त्याला नुसती फुली देतं. पाच मिनिटांनी एक मुलगी म्हणाली, "अरे, पण तुझा अर्धा दोन बॉलांचा आहे आणि तिसरा हिस्सा तीन बॉलांचा. आमचे दोन्ही एकाच पट्टीचे आहेत." मी फळ्यापाशी उभी होते आणि हातातला खडू मी एकदाही वापरला नव्हता. अपूर्णांकाचं मर्म एवढंच आहे: अर्धा, पण कशाचा? हे वाक्य मी फळ्यावर पन्नास वेळा लिहिलं असतं तरी त्या मुलाच्या डोक्यात उतरलं नसतं, कारण फळ्याशी वाद घालता येत नाही. त्याची चूक बाहेर यायला समोर वाद घालणारं कुणीतरी लागत होतं. रांगेत बसून, तोंडावर बोट ठेवून, वरून उतरवून घेणाऱ्या वर्गात ती चूक त्याच्याबरोबर दहावीपर्यंत सुखाने गेली असती.

"पण मॅडम, गटात एकच हुशार काम करतो." हा आक्षेप ऐकला की मला हसू येतं. आणि रांगेतल्या वर्गात? तिथे बावन्न जण काम करतात? तिथेही पहिल्या बाकावरची तीन मुलं उत्तरं देतात आणि उरलेली मान डोलावतात. फरक एवढाच की ती खिडकीबाहेर न बघता फळ्याकडे बघतात, त्यामुळे ती शिकताहेत असं आपल्याला वाटतं. शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक म्हणतो; माझ्या वर्गात ५२ आहेत. तास ३५ मिनिटांचा. मी एकेकाला बोलू द्यायचं ठरवलं तर वाट्याला येतात चाळीस सेकंद, आणि मी स्वतः एक अक्षर न बोलता! तेरा गट केले तर तेरा मुलं एकाच वेळी बोलतात, प्रत्येकाला पावणेनऊ मिनिटं मिळतात. त्यातली निम्मी गप्पांत गेली असं धरा. तरी चाळीस सेकंदांच्या सहापटीहून जास्त उरतात. हा हिशेब करायला अपूर्णांक लागतात, हा योगायोग.

राहिला हुशार मुलगा. माझ्या वर्गात दोन साधे नियम आहेत. कात्री त्याच्या हातात द्यायची नाही. आणि गटातर्फे कोण उभं राहून सांगणार ते मी ठरवणार, तेही शेवटच्या क्षणी. मग हुशार मुलगा मुकाट्याने बाकीच्यांना समजावतो, आणि समजावताना त्याच्या ध्यानात येतं की आपल्याला उत्तर येतं, कारण येत नाही. गटाचा सगळ्यात जास्त फायदा कुणाला होत असेल तर त्या हुशार मुलाला. त्याच्या आईवडिलांना हे पटत नाही, ती गोष्ट वेगळी.

कारणावरून आठवलं. त्याच सभेत मी उलट प्रश्न टाकला: अपूर्णांकाने भागताना तो उलटा करून का गुणायचं? सभागृहात दोन इंजिनिअर होते, एक सनदी लेखापाल होते. शांतता. एकजण म्हणाले, "तसा नियम आहे." सहा लिटर दूध, पाऊण लिटरच्या बाटल्या, किती भरतील? आठ. सहाला भागलं आणि आठ आले. भागून वाढलं कसं? माझी मुलं या प्रश्नावर बाटल्या आणि बादली घेऊन बसतात, पाणी सांडतात, आणि त्यांना दिसतं की एका लिटरमध्ये एक बाटली आणि वर तिचा तिसरा हिस्सा मावतो, म्हणजे चार तृतीयांश बाटल्या. सहा लिटरमध्ये त्याच्या सहापट. उलटा झालेला अपूर्णांक बादलीतून वर येतो. फरशी ओली होते, हे मान्य.

"चीनमध्ये बघा, तिथे घोकून घेतात म्हणून मुलं पुढे आहेत," असंही ऐकवलं जातं. लिपिंग मा या अभ्यासक बाईंचं १९९९ चं पुस्तक आहे. त्यांनी अमेरिकेतल्या आणि चीनमधल्या प्राथमिक शिक्षकांना पावणेदोन भागिले अर्धा हे उदाहरण दिलं आणि त्यावर एखादी गोष्ट रचायला सांगितली. २३ अमेरिकन शिक्षकांपैकी एकालाच बरोबर गोष्ट रचता आली; ७२ चिनी शिक्षकांपैकी ६५ जणांना आली. म्हणजे चिनी शिक्षकाकडे नियम होता आणि नियमामागची गोष्टही होती. आपण फक्त त्याचा नियम उचलायचा आणि म्हणायचं, बघा, घोकंपट्टीचा विजय!

परदेशी खूळ. बरं. चाळीसगावजवळच्या पाटणला एक शिलालेख आहे, १२०७ सालचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापन केला, त्याची ती नोंद. नाशिकहून सकाळी निघालं तर दुपारच्या आत तिथे पोचता येतं. त्या ग्रंथांतली लीलावती ११५० ची. तिच्यात अपूर्णांकाच्या अपूर्णांकाचं एक उदाहरण आहे. एका कंजुषाने भिकाऱ्याला भीक दिली: द्रम्माच्या अर्ध्याचे दोन तृतीयांश, त्याचे तीन चतुर्थांश, त्याचा पाचवा हिस्सा, त्याचा सोळावा, त्याचा चौथा. गुणत गुणत गेलं की हाती येतो द्रम्माचा १२८० वा भाग, आणि द्रम्माच्या कवड्या १२८०. म्हणजे दानशूराने दिली एक कवडी! नियम श्लोकात आहेत, पाठ करायचे आहेत, कबूल. पण नियमापाठोपाठ समोरच्याला विचारलेला प्रश्न आहे, थट्टा आहे, माणसं आहेत. साडेआठशे वर्षांपूर्वी आपल्या गणितात भिकारी, कंजूष आणि भुंगे चालत होते. आज भाकरी चालत नाही.

आणि देवळालीचं काय? कापरेकर मास्तर १९३० ते १९६२ तिथे शाळेत शिकवत होते. ६१७४ या त्यांच्या संख्येचा आपल्याला केवढा अभिमान! चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत, मोठ्यातली मोठी संख्या वजा लहानातली लहान, असं करत राहा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४. आवर्ती दशांशांच्या चक्रांवर १९५० मध्ये त्यांनी स्वतःच पुस्तक काढलं. एक सप्तमांशाचे अंक कसे गोल फिरतात, यात रमणारा माणूस. आयुष्यभर संख्यांशी खेळला म्हणून प्रतिष्ठित गणितज्ञांनी त्यांना फारसं मोजलं नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेत त्यांच्याविषयी लिहिलं तेव्हा कुठे जगाला पत्ता लागला. खेळणारा मास्तर मेल्यावर भूषण, जिवंतपणी टवाळीचा विषय, ही आमची जुनी रीत. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन आलं, तेव्हा मंगला नारळीकरांसारख्या जाणत्या बाई शांतपणे कारणं सांगत होत्या आणि महाराष्ट्र विनोद करत होता. कारणं कुणी वाचली?

एक गोष्ट मात्र टीकाकारांना देऊन टाकते, त्यांनी न मागता. गटकार्याच्या नावाखाली चाललेला बराच प्रकार दिखाऊ असतो. तक्ते रंगवायचे, मुलांना गोल बसवायचं, फोटो काढायचा, व्हॉट्सॲपवर वरिष्ठांना पाठवायचा, आणि गोल मोडून पुन्हा फळ्यावरचं उतरवून घ्यायचं. ते गटकार्य नव्हे, ते छायाचित्रण. आणि हो, समज आल्यावर सरावाची गणितं लागतात, भरपूर लागतात. पण समज आल्यावर! याउपर मी काही देणं लागत नाही.

धडे मागे पडतात म्हणे. बघू. सहावीत आठ दिवसांत उरकलेला अपूर्णांक सातवीत पुन्हा शिकवावा लागतो, आठवीत बीजगणितात छेदात क्ष आला की पुन्हा, नववीत गुणोत्तर-प्रमाणाला पुन्हा. हे दिवस कुणाच्या खात्यावर मांडायचे? मी तीन आठवडे घेते आणि मला ते परत घ्यावे लागत नाहीत. कुणी मागे पडलं असेल तर ते मी नव्हे.

आता ज्या गोष्टीची मला सर्वांत जास्त चीड येते, ती. भाकऱ्या फाडण्यात कसलं गणित, हा तुच्छतेचा सूर. एका गटाला तीन भाकऱ्या आणि चार मुलं, दुसऱ्याला चार भाकऱ्या आणि पाच मुलं. तुला भूक लागली आहे, कुठल्या गटात जाशील? लसावि काढून १५ आणि १६ विसांश आणणारी मुलं असतात, छान. पण निफाडहून येणाऱ्या एका मुलीने लसावि काढला नाही. म्हणाली, "इथे आख्ख्या भाकरीला पाव उणा पडतो, तिथे पाचवा हिस्सा उणा पडतो. पाचवा हिस्सा लहान, म्हणून तिथे कमी उणं. मी तिथे जाणार." उणा! तिने आपल्या भाषेच्या मुळाला हात घातला होता. पाऊण म्हणजे पादोन, पाव उणा. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव उणा. मराठी बोलणाऱ्या माणसाने शतकानुशतकं असाच विचार केला आहे, आख्ख्यापर्यंत पोचायला किती उणं. ही भाषा त्या मुलीच्या तोंडात होती. ती गणितात यायला भाकरी आणि तिघं भांडणारे सोबती लागले. हस्तकला म्हणे!

त्याच मुलीच्या गटाने पुढच्या आठवड्यात शेताची वाटणी केली. साडेतीन एकर, एकराचे ४० गुंठे, म्हणजे १४० गुंठे. आजोबा-आजी दोघंही नाहीत, मागे दोन मुलगे, दोन मुली. एका मुलाने झटकन ७०-७० केले. ती म्हणाली, "आणि आत्या?" तो म्हणाला, "आत्या सोडून देतात." ती म्हणाली, "सोडतात, पण हिस्सा असतोच ना?" वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हिस्सा देणारा कायदा महाराष्ट्राने १९९४ मध्ये केला, देशाने २००५ मध्ये. मी फक्त एवढंच सांगितलं आणि बाजूला झाले. दहा मिनिटं भांडण चाललं छेद दोन की चार यावर. मग चार ठरला, ३५ गुंठे. त्यातल्या एका भावाच्या तीन मुलांत पुन्हा वाटणी, बारावा हिस्सा, ११ पूर्णांक दोन तृतीयांश गुंठे. एकाने विचारलं, सातबारा म्हणजे सात छेद बारा का? नाही रे बाबा, ते गाव नमुना सात आणि नमुना बारा. पण विचारलं ते बरं केलंस.

या जिल्ह्यात छेदाशिवाय काय चालतं? पिकाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली की नाही यावर गावाचं वर्ष ठरत आलं आहे. बागलाणात मोसम नदीवर फड पद्धतीत बंधाऱ्याचं पाणी वाटताना गावाने मिळून ठरवायचं, यंदा किती फड भिजवायचे, कुठल्या फडात कोणतं पीक, आणि पाटकऱ्याने ते फिरवायचं. तिथे एकट्याने घोकलेला नियम काय कामाचा होता? अपूर्णांक माणसांत वाटण्यासाठीच जन्माला आला. तो माणसांत बसूनच शिकायचा. मुलाला एकट्याला कोपऱ्यात बसवून, तोंड बंद करून वाटणी शिकवणारे तुम्ही, आणि पळवाट काढणारी मी?

तर आजोबा, ती वही मी नातवाला परत केली आहे, पट्ट्यांसकट. बुधवारी तिसऱ्या तासाला या. जमिनीवर बसता येत नसेल तर खुर्ची देते. तुमच्या नातवाचा गट चौघांचा आहे आणि त्यांच्यासाठी मी चार भाकऱ्या आणते, प्रत्येकाला एक, वादच नाही. तुम्ही आलात की छेद पाच होईल.